माझ्या वाट्याची बीअर

सगळ्यात आधी शुभा आली. दहाला बोलावलं तर पावणेदहालाच, हातात साबुदाणा वड्यांचा डबा. बुटांवरचा बर्फ दारातच झटकत म्हणते, "मावशी, साक्षीला आलोय, पण आधी चहा." मग गाडी लावून तिचा नवरा रवींद्र. दोघं नागपूरचे, समोरच्या घरात राहतात. आणि शेवटी, कोणी बोलावलेलं नसताना, शिकागोहून ट्रेन पकडून माझी अनिका! नात दारात दिसली की मला काय होतं ते लिहिता येत नाही, चौथीपर्यंतच शिकलेय. आता सगळे खाली वडे खातायत आणि मी वर खोलीत हा कागद पुरा करते आहे. सकाळपर्यंत यात तीनच कलमं होती. चौथं आत्ता वाढलं.

तर मी, मंजुळा दामोदर शेळके, वय अठ्ठ्याहत्तर, जन्म मंगळवेढ्याचा, मधली बत्तीस वर्षं बोत्स्वाना देशात फ्रान्सिसटाउनला, आता धाकटा मुलगा राजीव याच्या घरी नेपरव्हिलला, हे राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. सकाळच्या गोळ्या कुठल्या नि रात्रीच्या कुठल्या, विचारून बघा. कोणी धाक घातलेला नाही. सून सीमा एवढंच म्हणाली, "आई, शॉर्टमध्ये लिहा." ते जमणार नाही. याआधी काही लिहून ठेवलं असेल तर ते रद्द. ठेवलेलं नाही, पण रवींद्र म्हणतो हे घालावंच लागतं.

कलम एक. घर राजीवचं, माझं नाही. बँकेत जे निघेल ते राजीव आणि अनिका यांचं, निम्मं निम्मं. राजीव कुरकुर करणार नाही. त्याने जन्मात मला रागवायला कारण दिलं नाही, म्हणून त्याच्याबद्दल लिहायलाही फारसं काही नाही.

कलम दोन. काठवट आणि लोखंडी तवा सीमाला. माझी ज्वारी तिने गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांशेजारी ठेवली होती, ते मी विसरलेले नाही. खरं तर तवा शुभाला द्यायचा होता, पण साक्षीदाराला काही द्यायचं नसतं म्हणे. वडे आणले तरी नाही.

कलम तीन. सोन्याच्या चार बांगड्या राधिकेला. राधिका म्हणजे माझ्या थोरल्याची, विक्रमची बायको, अनिकाची आई; इथेच अमेरिकेत, लांब चँडलरला नर्स आहे. तिने नवऱ्याला सांभाळलं नाही, असं मी चार लोकांत म्हणत आले. ते खोटं आहे. तिने सांभाळलं होतं. बांगड्या मी स्वतः तिच्या हातात घालायला हव्या होत्या, पण तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.

कलम चार. हे अनिकासाठी.

आज आल्या आल्या पोरीने लॅपटॉप उघडला. कॉलेजात काहीतरी सादर करायचंय. म्हणाली, "आजी, बघ ना, बोत्स्वाना! तुझा देश." एक निळी रेघ. वर चढते, मध्ये बसते, परत उठते. मी विचारलं, हे काय पावसाचं आहे का? "नो, बीअर! दरवर्षी दर माणशी किती बीअर प्यायली त्याचं." मी म्हटलं, दर माणशी म्हणजे? "म्हणजे अ‍ॅव्हरेज. सगळे धरायचे. बेबीज, आज्या, सगळे." म्हणजे मी पण त्यात? "ऑफकोर्स, तू पण!" आणि हसली. रवींद्रही हसला, "मावशी, तुम्ही तर छुप्या रुस्तम निघालात!" मीही हसले. मी थेंबही घेतला नाही, मग माझ्या वाट्याची कोणी प्यायली? हे मनात आलं आणि हसू तोंडातच राहिलं.

मी म्हटलं, दोन हजार आठ कुठे आहे दाखव. तिने बोट ठेवलं. रेघ जशी होती तशीच पुढे गेलेली. माझा विक्रम छत्तिसाव्या वर्षी गेला आणि तिथे केसाएवढाही खड्डा नाही.

पोरीने बोट तसंच ठेवून विचारलं, "आजी, बाबा ड्रिंक करायचे का?"

मी म्हटलं, "छे! त्याचं हार्ट होतं." साक्षीदारांसमोर म्हटलं.

अनिका, ते हार्ट नव्हतं, लिव्हर होतं. तू पाच वर्षांची होतीस. तुझ्या आईला मी तुझ्याच डोक्यावर हात ठेवून शपथ घातली की पोरीला सांगायचं नाही. तिने ती पाळली. तिच्यावर रागावू नकोस.

आणखी आहे. फ्रान्सिसटाउनला आमच्या शेजारी म्मा नालेदी राहायची, म्हणजे नालेदीची आई. तिकडेही बाईला पहिल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. मी म्मा विक्रम. तुझे आजोबा फिटर, दिवसभर कामावर. मला बोलायला तीच. तिला ज्वारी भिजवून मोड आणून द्यायचे मी, माझे मोड एकसारखे यायचे. वाटायचं, पोरांच्या सत्त्वासाठी नेते. विक्रम चौदाचा असताना त्याला ऊन लागलं. म्मा नालेदीकडून बादलीभर आलं होतं, ज्वारीचंच, आंबट, पांढरट. मला वाटलं आंबील आहे, एक दिवस जास्त मुरलेली. आमच्याकडे ऊन लागलं की तीच देतात. मी पेला भरून दिला, वर दुसरा दिला. पोरगं शांत झोपलं. माझा जीव सुखावला.

संध्याकाळी तुझे आजोबा हुंगून हसले, "अगं, ही त्यांची बीअर!"

इथवर चूक होती. पण पुढच्या वेळी बादली आली तेव्हा विक्रम म्हणाला, "आई, ती आंबील आहे?" आणि माहीत असून मी पेला भरला. ज्वारीचंच तर आहे, असं म्हणून भरला. कितीदा, ते लिहवत नाही. बाटल्या नंतर आल्या. त्या त्याच्या त्याने आणल्या. चव मी लावली.

आज मी तुला विचारलं, घरी करतात ती यात धरली का? तू म्हणालीस, "नाही गं, ती कोण मोजणार?" म्हणजे मी भरलेले पेले त्या रेघेत नाहीतच. म्हणून इथे लिहिले. हा कागद तुझा. यावर तू मला आजी म्हणायचं सोडलंस तरी कलम एक बदलणार नाही.

हे कलम माझ्या मागे वाचायचं नाही. अनिकाला मराठी वाचता येत नाही, म्हणून शुभाने तिला बसवून वाचून दाखवावं, येत्या भेटीतच, मी समोर असताना. आणि जेवणाआधी वाचावं. भाकरी वाढून मग सांगितलं तर पुन्हा खाऊ घालूनच केल्यासारखं होईल. मी पीठ चाळून ठेवीन. ऐकल्यावर जेवायची असेल तर तवा ठेवीन.

सही: मंजुळा दामोदर शेळके, म्मा विक्रम

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत मावशींनी सही केली. मग त्यांच्यासमोर आम्ही केली:
१. शुभा रवींद्र देवतळे
२. रवींद्र मनोहर देवतळे

नेपरव्हिल, इलिनॉय. रविवार, १८ जानेवारी २०२६.

सह्या झाल्यावर अनिका बूट घालता घालता मला म्हणाली, "आजी, माझ्या फ्रेंडला, कबीरला तुझी भाकरी खायचीय, घेऊन येऊ?" शुभाही येते म्हणाली. म्हणजे वाचायचं तेव्हाच. शनिवार, चोवीस तारीख.