हिरव्या दिव्यावरचा भरवसा

१४ नोव्हेंबर, वर्धा. संध्याकाळ.

"एकाच पऱ्हाटीचे दोन बोंडं सारखे नसते, बाई," असं बाबा मला लहानपणी कापसाच्या शेतात म्हणाले होते. आज दवाखान्यातला तंत्रज्ञ फोनवर इलेक्ट्रॉनिक चिपबद्दल जवळजवळ तेच बोलला. घडताना प्रत्येकीत बारीकसा फरक राहतो, कुणी ठरवून न केलेला. तीच तिची ओळख, आणि तिची नक्कल होत नाही.

बाबांच्या छातीत बसवलेल्या पेसमेकरची खबर त्यांच्या उशाजवळची डबी दवाखान्याला देते. दिवाळीत ती बंद पडली. दादाचं देवळीत मोटार दुरुस्तीचं दुकान. त्याने भंगारातून तशीच डबी शोधली आणि तिचा बोर्ड चिपसकट बाबांच्या डबीत बसवला. हिरवा दिवा लागला. सगळे खूश, मीही.

"दिवा तं लागला नं! काऊन घाबरून राह्यली?" दादा आज म्हणाला.

दिवा म्हणजे फक्त वीज. दवाखान्याच्या संगणकाने डबीची ओळख विचारली, या परक्या चिपचं उत्तर जुळलं नाही, आणि तेव्हापासून तिची एकही खबर घेतली गेली नाही. तसे संदेश बाबांच्या मोबाईलवर न वाचलेले पडून. सतरा दिवस त्यांच्या हृदयावर कुणाचंच लक्ष नाही. मी मात्र रोज विचारायचे, दिवा हिरवा आहे ना? एवढंच का विचारलं मी?

परवा त्यांना शेतात भोवळ आली. "उन्हानं," म्हणाले.

नवी डबी यायला आठ दिवस. उद्या गावी जाऊन म्हणणार आहे, बाबा, वेचणी राहू द्या, तोवर माझ्याकडे चला. नाईच म्हणतील. तरी, चला ना बाबा.