एकदा विचारणारा, तीनदा विचारणारा

माय, तुझ्या लेखी समुद्रापलीकडचे सगळे लोक अरबच होते. मी शारजातून सुट्टीवर निलंग्याला आलो की चुलीपुढं बसून तू विचारायचीस, "तुझे अरब बरे वागवत्यात का रे?" मी सांगायचो, गॅरेजचा मालक अरब आहे, शेजारचा रोटीच्या भट्टीवाला इराणी, दोघं वेगळे. तू भाकरी थापत म्हणायचीस, "असू दे की. दोघं उलटंच लिहित्यात न्हवं?" मी हसून सोडून द्यायचो. आता तू जाऊनही जमाना झाला, माझे केस पिकले, आणि आज तुला तो फरक नीट सांगावासा वाटतोय. आपली शेवटची भेट त्या फरकापायी हुकणार होती, हे मी तुला सांगितलंच नाही.

लिपी सारखी दिसते, पण बोली अगदी वेगळ्या. मालक बोलायचा ते घशाच्या तळातून. वर्षभर मला त्यातलं अक्षर कळलं नाही. भट्टीवाल्याचं बोलणं मात्र कानाला ओळखीचं वाटायचं. बाजार, जमीन, गरम, हप्ता, आपल्याच घरातले शब्द त्याच्या तोंडी. ईद दोघांची, पण आपल्या पाडव्याच्या आसपास भट्टीवाला नवं वर्ष करायचा, नवे कपडे घालायचा, आणि मालकाला त्याचं सोयरसुतक नसायचं. एकदा मी भट्टीवाल्याला चुकून अरब म्हटलं, तर कणकेचा हात तसाच हवेत धरून तो म्हणाला, "तुला कुणी मल्याळी म्हटलं तर चालेल?" मला तिथं सगळेच मल्याळी समजायचे, मला त्याची सवय होती. पण त्याला लागलं होतं, ते दिसलं.

खरा फरक मला पाहुणचारात कळला. मालकाकडं कडू कॉफी यायची, बिनकानाच्या इवल्या पेल्यात. मी तोंडानं बस बस म्हणायचो आणि पेला सरळ पुढं धरायचो, ते ओततच राहायचे. पोट कडू झालं तेव्हा कुणीतरी दाखवलं, पेला जरा हलवायचा. हलवला की संपलं, कुणी आग्रह करत नाही. भट्टीवाल्याची तऱ्हा निराळी. तो चहा पुढं करायचा, मी नको म्हणायचो. तो पुन्हा म्हणायचा, मी पुन्हा नको. तिसऱ्यांदा तो छातीवर हात ठेवायचा आणि मी घ्यायचो. दोघंही खूश. मला वाटायचं, निलंग्यातच बसलोय. तूच नाही का लहानपणी चिमटा काढून शिकवलंस, "एका हाकेत हो म्हणू न्हाई, लोक हावरट म्हणत्यात."

मग ताईचा फोन आला. तुला लातूरच्या दवाखान्यात ठेवलंय, ये. मालकाला सांगितलं. तो गाडीखालून बाहेर आला, हात पुसत मोडक्या हिंदीत म्हणाला, "तुम जाओ. टिकट मैं देगा." आणि मी, तुझा शहाणा लेक, म्हणालो, "नको, काम फार आहे." त्यानं माझ्याकडं पाहिलं, मान डोलावली आणि पुन्हा गाडीखाली गेला. मी पाना हातात घेऊन उभा. आता परत विचारेल, मग विचारेल. संध्याकाळ झाली तरी नाही. दगडाच्या काळजाचा माणूस, म्हणून मनात शिव्या घातल्या आणि भट्टीवर जाऊन रडलो.

भट्टीवाल्यानं ऐकून कपाळावर हात मारला. "येड्या, त्यानं खरंच विचारलं होतं. तू पेला हलवलास!" भट्टी तशीच टाकून तो मला धरून मालकाच्या दारात घेऊन गेला. मालकाचा चेहरा पडला. "हा नको म्हणाला. मला वाटलं, याला माझे उपकार नको असतील." त्यानं तिथंच उभ्या उभ्या माणूस पाठवून तिकीट मागवलं. सगळे अरब असे एका शब्दावर थांबणारे नसतात, त्याच गल्लीत पाहुण्याला शपथा घालणारेही होते. पण माझा मालक तसा होता आणि भला होता. त्याला शिव्या घातल्याचं मला अजून वाईट वाटतं.

हैदराबादेला उतरून मी लातूरला पोचतो, तेव्हा तू खाटेवर एवढीशी दिसतेस. डोळे उघडून विचारतेस, "जेवलास का?" मी म्हणतो, वाटेत खाल्लंय, नको. "खा की. ताईनं डबा आणलाय." मी पुन्हा नको म्हणतो. तिसऱ्यांदा तुझा आवाज निघत नाही. नुसत्या बोटांनी तू डबा माझ्याकडं सरकवतेस. मी जेवलो, माय. सगळा डबा संपवला, तू बघत होतीस. त्यानंतर तू बोलली नाहीस.

हे लिहून टाकू कुठं? माझी पत्रं तुला ताईच वाचून दाखवायची, आता तीही नाही. घरी सगळं ठीक आहे. तुझी नातसून गुणाची आहे, अगदी माझ्या मालकासारखी. मनापासून विचारते आणि सांगितलेलं मनापासून ऐकते. काल जेवताना म्हणाली, "मामा, अजून एक भाकरी वाढू?" मी नको म्हणालो. तिनं टोपलं झाकलं आणि आत नेलं.

भूक होती गं, माय.