चार टेपा, चार घरं

५ मार्च २००७
चार टेप ड्राइव्ह बसवून झाले. एका टेपवर बॅकअप रात्रभर रेंगाळायचा, सकाळची शिफ्ट लागली तरी संपायचा नाही, मग भट्टीवाले फोन करून बोंबलायचे की सिस्टिम अडकलीय. आता डेटा चार वाटांनी एकदम चार टेपांवर जातो. आज येऊन बघते तर केव्हाच संपलेला. खूश.
तेवढंच. सर्व्हर रूम उघडली तर दहीभाताचा वास. एसी असतो म्हणून निम्म्या ऑफिसचे डबे तिथे. कुणाचा तरी मल्लीचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा, ओल्या केळीच्या पानात, थेट ड्राइव्हच्या डोक्यावर. उचलून बाहेर ठेवला, ओघळ पुसला. शिसारी.

९ मार्च
शेषाद्री सरांनी (यापुढे शे., अख्खं नाव लिहायची इच्छा होत नाही) प्लांट हेडना सांगितलं, "मी बॅकअपचा वेळ पाव केला." मी! परवापर्यंत या माणसाला टेप कुठल्या बाजूने आत जाते हे माहीत नव्हतं. आणि आमचा साहेब.
रघुनाथरावांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. ते स्टोअर्स बघतात. तंजावरचे मराठी, कितीएक पिढ्या इकडेच. "जेवण जाहलें की?" असं रोज विचारतात. पहिल्यांदा हसू आलं होतं. आता या कारखान्यात तेवढंच कानाला बरं वाटतं.

२ एप्रिल
डिस्क भरली. दिवाळीपासून नवी मागतेय. शे. म्हणतो, जुना डेटा टेपवर घ्या आणि इथून काढून टाका. जाने. ते मार्चचं सगळं घेतलं: कुठला ब्रेक शू कुठल्या भट्टीत भाजला, कुठल्या पेटीत गेला, कुणाला गेला. मग डेटाबेसमधून काढलं. पूर्वी भट्टीवर छापील कार्डं तरी असायची. ती शे.ने जानेवारीत भोगीच्या साफसफाईत (इथे त्या दिवशी जुनं जाळतात) बंद केली आणि होती ती जाळली, पेपरलेस म्हणून.
दुसरा संच काढू म्हटलं. तर म्हणे, "चार टेपा आहेत की."
हा काय समजून बसलाय, देव जाणे.

६ एप्रिल
मीटिंग. ज्यांना आपण माल देतो त्या कंपनीचे लोक मागे म्हणाले होते, बॅकअप प्लांटच्या बाहेर ठेवा. शे.ने तोडगा काढला. चार टेपा, चार माणसं, प्रत्येकाने एक घरी न्यायची. एकाच्या घरात पाणी शिरलं तरी तीन शिल्लक!
मी सांगितलं की या चार प्रती नाहीत, एकच प्रत चार टेपांवर वाटलेली आहे. एक गेली तर चारही गेल्या. कळेना. मग म्हटलं, एका गाडीची चार चाकं चौघांनी घरी नेली म्हणून चार गाड्या होत नाहीत सर. सगळे हसले. तोही हसला. आणि वाटप केलंच. मी, रघुनाथराव, माझ्या हाताखालचा मुरुगन आणि चौथी तो स्वतः, म्हणजे "लीडरशिप".
चारही एकत्र बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू म्हटलं. पुढच्या तिमाहीत बघू.
डोकं उठलं.

७ एप्रिल
टेप आमच्या बेडरूमच्या कपाटात, अविनाशच्या स्वेटरच्या घडीत. चेन्नईत त्या स्वेटरला कोण हात लावणार. सगळ्या वेस्ट मांबलममध्ये याहून सुरक्षित जागा नसेल. अवि म्हणाला, काय आहे हे? म्हटलं, एका गाण्यातला प्रत्येक चौथा शब्द. तो म्हणाला, बाकीचे? बाकीचे लोकांच्या घरी. त्याने पेपर खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. मस्करी करतेय असं वाटलं असेल.

११ मे
अग्निनक्षत्र चालू, इथले सगळ्यांत कडक उन्हाचे दिवस. डांबर चपलेला चिकटतंय.
मुरुगन सोडून गेला, सिरुसेरीला, मोठ्या कंपनीत. पोरगं हुशार होतं, जाणारच. त्याच्याकडची टेप परत घेतली का म्हणून शे.ला विचारलं, तर म्हणे तो चांगल्या घरातला आहे. चांगल्या घरातला!
रघुनाथरावांनी टेप देवघरात ठेवलीय. म्हणाले, "आमची बायको शुक्रवारीं तीसही कुंकू लाविते." मी कपाळाला हात लावला. मग म्हटलं, असू दे, निदान रोज कुणी तरी बघतंय तिच्याकडे.
आणि संध्याकाळी पार्किंगमध्ये शे.च्या गाडीची डिकी उघडी होती. आत पाण्याचा कॅन, मुलीची रॅकेट, देवळातल्या प्रसादाची चिकट पिशवी, आणि त्यात आपली टेप. डबीसुद्धा नाही. एप्रिलपासून ती तिथेच फिरतेय. डिकीच्या पत्र्याला हात लावला तर पोळला. सांगितलं त्याला, सर, ही भाजतेय. आजच घरी नेतो म्हणाला. हसत.
अशा माणसाला आपण रोज गुड मॉर्निंग म्हणतो.

१८ जून
ज्या कंपनीला माल देतो तिची तक्रार आली. एक बस फ्लायओव्हर उतरताना ब्रेकच्या शूला चिकटवलेलं लायनर सुटलं. ड्रायव्हरने बस दुभाजकावर घातली म्हणून वाचले. कंडक्टरचा हात मोडला. शू आपला. त्यांच्या पावतीप्रमाणे फेब्रुवारीतला.
फेब्रुवारीत दोन नंबर भट्टीचा तापमानाचा काटा काही दिवस चुकीचा दाखवत होता. तो कच्चा भाजलेला, गोंद नीट न धरलेला माल असणार. नक्की कुठल्या पेट्या आणि त्या कुठे कुठे गेल्या, एवढंच त्यांना हवंय. तेवढ्याच परत मागवायच्या. साधी गोष्ट. आणि ती टेपवर आहे, फक्त टेपवर.
रघुनाथराव जवळ येऊन हळूच म्हणाले, आपल्या शिफ्टच्या बसगाड्यांनाही मेंटेनन्सवाले इथलेच शू लावतात, सरळ रॅकवरून उचलून, चिठ्ठीसुद्धा न देता. मार्चमध्ये बरेच नेले.
ज्या बसने मी रोज येते त्या.

२० जून
टेपा गोळा करण्यात सगळा दिवस गेला. माझी आणली. रघुनाथरावांची आली, वर कुंकवाचा थर, उदबत्तीची राख. पुसली. बायकोने रेशमी खणात गुंडाळून दिली होती, खण परत मागितलाय.
मुरुगनने टेप त्याच्या नव्या ऑफिसात नेली, संध्याकाळी मला द्यायला म्हणून. गेटवर आत सोडली, बाहेर सोडेनात. आत गेलेला डेटा बाहेर जाऊ देत नाहीत म्हणे. मी सिरुसेरीच्या उन्हात गेटच्या या बाजूला, तो त्या बाजूला, काकुळतीला आलेला. "सॉरी मॅडम" किती वेळा म्हणाला. शेवटी त्याच्या साहेबाने सही केली. त्यांच्या गेटवरच्या शिपायालासुद्धा टेप म्हणजे काय ते कळतं. आमच्याकडे कळत नाही.

२२ जून
तीन टेपा वाचल्या. रघुनाथरावांची तर सगळ्यांत स्वच्छ.
शे.ची थोडी चालली, कुरकुरली, थांबली. पुन्हा घातली. थांबली. दुसऱ्या ड्राइव्हला लावली, तिथेही थांबली. पट्टी आत आळल्यासारखी झालीय. उघडून बघायची हिंमत नाही.
शे. मागे उभा होता, तोंडात वेलची. म्हणाला,
"चारातल्या तीन चालल्या ना मॅडम? मग पंचाहत्तर टक्के तरी येईल."
बोलले असते तर नोकरी गेली असती. वॉशरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं.
घरी अविला सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, बसने जाऊ नकोस. मग कशाने जाऊ श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात?

२५ जून
सकाळी शे.ने केबिनमध्ये बोलावलं. त्या कंपनीबरोबर फोनवर मीटिंग आहे, मी सांगायचं की डेटा आहे, तपासणी चालू आहे, आतापर्यंत दोष आढळला नाही. "खोटं कुठे आहे? खरंच आढळला नाही." काजू कतली पुढे केली. मुलीला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला म्हणून. माझ्या बोटांना तो वर्ख दुपारपर्यंत चिकटून होता.
मीटिंगमध्ये पलीकडच्या माणसाने थेट विचारलं, रेकॉर्ड आहे का. शे. म्हणाला, आहे, मॅडम काढतायत, एक-दोन आठवडे. मॅडम?
"नाही," मी म्हटलं. "चौथी टेप वाचता येत नाही, आणि चौथीशिवाय बाकीच्या तीन कशाच्याच नाहीत. कुठल्या पेट्या ते आम्हाला सांगता येणार नाही. फेब्रुवारीचा सगळा माल परत मागवा."
पलीकडच्याने विचारलं, टेप कशी खराब झाली? मी शे.कडे बघितलं. तो स्क्रीनकडे बघत होता.
"गाडीच्या डिकीत होती," म्हटलं.

२७ जून
मेमो. टेपांची देखभाल ही माझी जबाबदारी होती आणि त्यात मी हलगर्जी केली. खाली शे.ची सही. सहा एप्रिलच्या मीटिंगला खोलीभर माणसं होती, आज एकालाही आठवत नाही. हसलेले सगळे. त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही.
रघुनाथराव माझ्या टेबलाशी आले, डबा ठेवला. "मज आठवतें. मी सांगेन." त्यांची निवृत्ती जवळ आलीय. नका सांगू म्हटलं. ऐकतील असं वाटत नाही.
टेप बंगलोरला पाठवली, पट्टी सोडवून देणारे लोक आहेत तिथे. खात्री देत नाहीत.
सगळा महिना परत मागवायला ती कंपनी तयार नाही, महाग पडतं. टेपची वाट बघू म्हणतात. म्हणजे तोवर ते शू रस्त्यावर. सगळे मिळून त्या डिकीतल्या टेपची वाट बघणार.

२८ जून
आपल्या बसगाड्यांचे तरी शू बदला म्हणून मेंटेनन्सला गेले. कुठल्या गाडीला कुठले लावले ते माहीत नाही. सगळ्यांचेच बदला म्हटलं, तर शे.ची परवानगी लागते. शे. म्हणतो, घबराट पसरवू नका. त्याला कंपनीची गाडी आहे. ब्रेक बाहेरचे.
काल ड्रायव्हरला मी स्वतः सांगितलं. वेलू नाव. म्हणाला, शरी अम्मा, हळू चालवतो. आणखी काय करणार तो?

२ जुलै
अवि म्हणाला, रजा टाक. मी रजा टाकून काय होणार? बस तर निघणारच. असेंब्ली लाइनच्या पोरी, एकमेकींच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेल्या. बहुतेक विशीच्या आतल्या. त्यांना काही माहीत नाही. सांगू का? सांगून त्या जाणार कशाने?
आज पूनमल्लीच्या पुढे सिग्नलला एक टेंपो आडवा आला. वेलूने करकचून ब्रेक दाबला. सगळ्यांची डोकी पुढच्या सीटवर आपटली, कुणाचा तरी डबा सांडला, सांबार माझ्या साडीवर. मागून शिव्या.
बस थांबली.
वेलूने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग स्वतःचीच किळस आली, की आता बस थांबली याचाही आनंद मानायचा.
बंगलोरहून अजून काही नाही. साडी भिजत घातलीय. उद्या पुन्हा सव्वासहाची बस.