झबल्याच्या पट्टीतला बिबा

प्रिय माय,

उद्या सकाळच्या बसनं मी बेल्लमपल्लीला चालले आहे. तिथं पुष्पाबाईंना एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती गोष्ट तुझी आहे. तू जन्मभर कुणाला कळू न दिलेली. तुला न विचारता सांगायला जीव धजत नाही आणि विचारावं तर तू नाहीस, म्हणून कागद घेऊन बसले. पुढ्यात तुझंच मशीन आहे. सकाळपासून त्यावर एक टाका घातलेला नाही.

आधी हे सांगते, म्हणजे तुझा जीव टांगणीला लागायला नको: आरू आता बरी आहे. आरू कोण? अगं, दादाची मुलगी! तू गेलीस आणि पाच महिन्यांनी ती आली. नाक तुझं घेतलंय. वहिनीला हे पटत नाही, पण नाक काही वहिनीला विचारून आलेलं नाही.

तिचं पहिलं झबलं मीच शिवलं. दुसरं कोण शिवणार? तुझ्यामागे तामसीच्या आसपासच्या गावांतल्या बाळंतिणींच्या घरचे लोक आता माझ्याच दारात येतात. जुन्या लुगड्याचं मऊ सूत, अंगाला टोचेल अशी शिवण आतून नाही, बंद पुढच्या बाजूला, आणि मानेमागच्या पट्टीत काळ्या दोऱ्यानं गुंडाळलेला बिब्याचा तुकडा. दृष्ट लागू नये म्हणून. बाकीच्या बाया बिबा पाळण्याला बांधतात, तू तो कपड्यातच शिवायचीस. पाळणा घरी राहतो, झबलं लेकरासोबत जातं, असं तू म्हणायचीस आणि लोकांना ते पटायचं.

आरूच्या झबल्यातही मी बिबा घातला. सगळं तुझ्यासारखंच केलं, माय. निदान मला तसं वाटत होतं.

बारशाला ते ढगळ होत होतं. थंडीचे दिवस, आत दुसरा कपडा घालून वरून ते चढवलं. पुढं ऊन तापायला लागलं, तशी वहिनी तिला नुसतं झबलंच घालू लागली. एके दिवशी मानेमागं लाल दिसलं. घामोळं असेल म्हणून पावडर लावली. दुसऱ्या दिवशी तिथं पाण्याचे फोड, आणि पाठीवर खाली उतरत गेलेली लाल रेघ. लेकरू रडून रडून निळं पडायचं. अंगावर घेतलं तरी रडायचं, कारण घेणाऱ्याचा हात पाठीलाच लागायचा.

मग मी काय केलं, माहीत आहे? सगळ्यांना झापत सुटले. आधी वहिनीला, की साबण बदलला म्हणून झालं. मग पुन्हा वहिनीलाच, की वांगी कशाला खाल्ली. मग दादाला, की भाजीवर फवारा मारून त्याच शर्टानं लेकीला उचलतोस. दादा बिचारा त्या दिवसापासून विहिरीवर अंघोळ करून मगच घरात यायला लागला.

तेवढ्यात वहिनीची आई आली. तिनं पाहिलं आणि म्हणाली, देवी आली आहे. झालं! दाराला लिंबाचा पाला लागला. अंघोळ नाही, कपडा बदलायचा नाही, दवाखान्याचं नाव काढायचं नाही. मला ते पुरतं पटलं नव्हतं, पण देवीपुढं कोण बोलणार?

तिसऱ्या दिवशी वहिनीनं मला बाजूला घेऊन विचारलं, की पट्टी ओली-ओली लागते आहे, कुणाला न सांगता झबलं काढून ठेवू का? मी नको म्हटलं. दृष्टही असेल, आत बिबा आहे, तोच तिला राखेल, असं म्हटलं. मी म्हटलं, माय! आणि वहिनीनं ऐकलं, कारण झबलं आत्यानं शिवलेलं होतं आणि आत्या तुझी लेक होती.

पाचव्या दिवशी फोडांत पू झाला, अंग तापलं, एक पापणी सुजून डोळा मिटला. दादानं मग कुणाचं ऐकलं नाही. पोरीला उचललं आणि आदिलाबादचा दवाखाना गाठला. मी गाडीत मागच्या सीटवर लिंबाचा पाला धरून बसले होते. का धरला होता, ते मलाही सांगता येणार नाही.

तिथल्या डॉक्टरीणबाई तेलुगू. त्यांनी पाठ पाहिली, रेघ पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, घरात जीडी आहे का? जीडी म्हणजे आपला बिबा. मग त्यांनी झबलं उतरवलं आणि पट्टी उलटी केली. तिथं वाटाण्याएवढा तपकिरी डाग होता. तो डाग मी आधी पाहिलेला होता. मशीनचं तेल लागलं असेल म्हणून साबणानं चोळलाही होता.

बिबा उततो, त्याचं तेल लागलं की कातडीवर फोड येतात, हे मला माहीत नव्हतं का? गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तो फोडताना मी स्वतः हाताला तेल चोळून घेते. पण तुझ्या झबल्यातला कधी उतलेला पाहिला नव्हता. त्यामुळे कपड्यात शिवला की त्याचा ताप जातो, असं मी धरून चालले. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, त्या थकलेल्या दिसत होत्या. म्हणाल्या, एवढ्या लेकराची कातडी पातळ असते, नवा कपडासुद्धा धुतल्याशिवाय घालू नये, आणि तुम्ही त्यात हे शिवता? औषध दिलं, मलम दिलं, आठ दिवसांनी बोलावलं. ते आठ दिवस मी रोज सकाळी दादाच्या घरी जायचे आणि आत जाण्याआधी दाराशी उभी राहून रडणं ऐकू येतं का बघायचे.

फोड वाळले. मानेमागं काळा डाग राहिला आहे, जाईल म्हणतात. वहिनीनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, “ताई, मी इचारलं होतं तुमाले.” त्यानंतर ती माझ्याशी सगळं नीट बोलते, चहाही देते. पण आरूला माझ्या मांडीवर देताना आधी माझे हात बघते.

आता तुझ्याकडे येते. तुझ्या हातचं कधी उतलं नाही आणि माझ्या हातचं का उतलं, हा भुंगा डोक्यातून जाईना. तेच सूत, तीच पट्टी, तोच काळा दोरा. शेवटी शेजारच्या गयाकाकूकडे गेले. तिनं आधी टाळाटाळ केली. मग दार लोटून घेतलं आणि म्हणाली, “तुया मायच्या हातूनबी झालं होतं एकदा. माह्याच मोठ्याले.”

माझ्या जन्माच्याही आधीची गोष्ट. तिच्या मोठ्या मुलाला तू शिवलेलं झबलं घातलं आणि त्याची पाठ सोलून निघाली. महिनाभर ते पोर पालथं झोपलं. तू रोज जाऊन त्याला खोबऱ्याचं तेल लावायचीस. आणि तू तिच्या पाया पडलीस, कुणाला सांगू नको म्हणून. तिनं सांगितलं नाही. इतकी वर्षं! तुमच्या भिंतीवरून भाजीच्या वाट्या इकडच्या तिकडे जात राहिल्या आणि ही गोष्ट तिच्या पोटात राहिली.

त्यानंतर तू बिबे चुलीवर टांगायला लागलीस, असं ती म्हणाली. वर्षभर धूर खाऊन, वाळून खडखडीत झाले की मगच पट्टीत शिवायचीस. ते गाठोडं मी लहानपणापासून पाहत आले. एकदा विचारलंही होतं, “माय, चुलीवर काऊन टांगतं वं?” तू भाकरी उलटत म्हणालीस, “असंच असते ते.”

असंच असते! माय, तेव्हा खरं का सांगितलं नाहीस? मी काय गावभर करणार होते? गॅस आला तरी तू मागची चूल मोडू दिली नाहीस, तेव्हा आम्ही तुला हसलो, म्हातारीला धुराशिवाय करमत नाही म्हणून. तू हसून घेतलंस. तू गेल्यावर दादानं चूल पाडून तिथं न्हाणीघर बांधलं. गाठोड्यातले बिबे संपले, तसे मी बाजारातून ताजे आणले. जंगलातून आणून विकणाऱ्या बाईनं विचारलं, कशाला पाहिजेत? मी अभिमानानं सांगितलं, लेकरांच्या झबल्यात घालायला. ती माझ्याकडे बघत राहिली होती. मला वाटलं, तिला मराठी समजली नाही.

मला तुझा राग आला, खरंच आला. चूक झाली ती तू सुधारलीस, पण झाकलीस, म्हणून माझ्यापर्यंत नुसती रीत आली आणि तिच्यातली भीती आली नाही. दुसरंही मनात येतं आणि तेच जास्त छळतं. वाळला म्हणून बिबा निर्धोक होत नाही, असं आरूला पुन्हा दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग तुझ्या वाळक्या बिब्यांनीही किती लेकरांची मान लाल झाली असेल? किती जणांनी घामोळं म्हणून पावडर लावली असेल? तुझ्याकडे कुणी बोलायला आलं होतं का? आलं असेल तर तू काय सांगितलंस?

ताजे बिबे आणल्यापासून मी अकरा झबली शिवली, आरूचं धरून. दवाखान्यातून आल्यावर घरोघरी हिंडले. हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून पट्ट्या उसवल्या, आणि डाग पडलेली तेवढी झबली मागून आणली. एका घरी लेकराच्या मानेवर खरंच लाल चट्टा होता. त्यांना लगेच दवाखान्यात धाडलं, थोडक्यात निभावलं. लोक तोंडावर काही म्हणाले नाहीत. पाठमोरी झाल्यावर ऐकू आलं, “हिच्या मायच्या हातचं असं कदी झालं नोतं.” मी वळले नाही.

दहा झबल्यांचा निकाल लागला. अकरावं बेल्लमपल्लीला आहे. आपल्या गावच्या पुष्पाबाई लेकीच्या बाळंतपणासाठी जाताना ते घेऊन गेल्या. जावई कोळशाच्या खाणीत आहे, तिथल्याच क्वार्टरमध्ये राहतात. मुलगा झाला आहे. परवा बारसं, आणि बारशाला तेच झबलं घालणार आहेत. तिथलं ऊन तुला माहीत आहे. नव्या लेकराला आतून दुसरा कपडा कोण घालणार?

मी काल फोन केला. सगळं सांगितलं, आरूचंही सांगितलं. झबलं घालू नका म्हटलं. त्या हसल्या. “तुया मायनं माह्या तिन्ही लेकरायले शिवले होते. तिच्या हातचं कदी उतलं नाही. तुलेच भेव लागून राह्यलं.” आणि बिब्याशिवाय लेकराला चारचौघांत कसं काढणार, असंही म्हणाल्या.

त्याच वेळी मी गयाकाकूच्या मुलाचं सांगायला हवं होतं. त्या एका गोष्टीनं त्या थांबल्या असत्या. तोंडापर्यंत आलं आणि मी गिळलं. फोन ठेवला. दहा दिवसांचं लेकरू एकीकडे आणि तुझं नाव एकीकडे, आणि मी तुझं नाव सांभाळलं. आरूचं सगळं डोळ्यांनी पाहूनसुद्धा! रात्रभर मला ती पापणी दिसत होती. सकाळी उठून दादाला सांगितलं, उद्या पहिली बस धरते. तो मला स्टँडवर सोडायला येतो म्हणाला.

पिशवीत नवं झबलं ठेवलं आहे. दोनदा धुतलेलं, बिबा नसलेलं. गयाकाकूलाही विचारून आले. ती म्हणाली, सांग, आता माझा मोठाही नातवंडांचा झाला, आता कशाची लाज?

तेव्हा माय, तुला शब्द देते. परवा ते झबलं लेकराच्या अंगावर चढायच्या आत मी तिथं असेन. दारातच सांगेन, की माझ्या हातून झालं आणि माझ्या मायच्या हातूनही झालं होतं. तुझं नाव घेऊन सांगेन. गयाकाकूच्या मुलाची पाठ, तुझं पाया पडणं, सगळं. पुढं जी माझ्याकडे शिवण शिकायला येईल तिलाही पहिल्याच दिवशी हे सांगेन. पुष्पाबाई रागावतील, मेलेल्या मायबद्दल असं बोलतात का म्हणून विचारतील. मी म्हणेन, माय असती तर ती माझ्याआधी या दारात आली असती.

आली असतीस ना, माय?

तुझीच,
रेखा