फिलोची लिली

दुखान, कतार, शुक्रवार, नोव्हेंबर २०२१

अंतोनभाऊंचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. त्यांच्या बायकोने, फिलोने, वसईहून आणलेले लिलीचे कांदे टाउनशिपच्या कुंपणापलीकडे आपोआप पसरलेत. परवाच्या पावसाने सगळा पट्टा फुलांनी पांढरा झालाय. वर्ल्ड कपच्या कामातून कितीतरी महिन्यांनी सुट्टी मिळाली, म्हणून आम्ही सगळे फुलवेडे त्यातली वेगळी फुलं शोधायला जमलो. फिलो जाऊन वर्षही झालं नाही. तिच्यामागे भाऊ आज पहिल्यांदाच आले.

एकाला आठ पाकळ्या, एकाच्या कडा गुलाबी. आणि मग ते हिरव्या टोकाचं फूल! फिलो इतकी वर्षं तेच शोधत होती. मी उत्साहात बोलून गेले, "भाऊ, याला फिलोचंच नाव देऊ."

"नको, वहिनी," ते म्हणाले. "ही फुलं दोन दिवसांची. परवा कुणीतरी सांगेल, फिलो सुकली. पुन्हा ते ऐकवणार नाही मला."

का बोलले मी? ते खाली बसले, त्या हिरव्या टोकाकडे बघत. ऊन चढलं तशी त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि फुलावर सावली धरली. आम्ही निघालो तेव्हाही ते तसेच बसले होते.