मोरसच्या पाहुणीला दाखवलेलं गाव

३ ऑगस्ट, रविवार

सापडला! राणू सापडला!

पहाटे रहाटणीहून निघालो, अकराला नाशिकला गुरुजींच्या ओटीवर. आमच्या गावचे तीर्थोपाध्याय. त्यांच्याकडे गावातल्या सगळ्या घराण्यांची बाडं आहेत — अस्थी घेऊन कोण आलं, त्याचा बाप कोण, भाऊ किती. गुरुजींनी मोडीतल्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं, "मौजे रहाटणी. खंडू यांचे पुत्र मारुती. धाकटा राणू, तो मोरस बेटी गेला, परत आला नाही." अंगावर काटा आला! मारुती म्हणजे माझ्या आजोबांचे आजोबा.

मोनिकाताईंना तिथूनच फोटो पाठवला. या बाई मॉरिशसच्या — मोरस बेट म्हणजे तेच — शाळेत शिकवतात. मार्चमध्ये मी फेसबुकवर आमची वंशावळ टाकली होती, ती बघून त्यांनी लिहिलं होतं. त्यांच्याकडे जहाजावर चढवतानाचा कागद आहे — नाव राणू, बापाचं नाव खंडू, वय बावीस, जिल्हा पूना. गावाचं नाव पाण्याने गेलेलं. तिकडे मूळ माणसाचं नावच आडनाव होऊन बसलंय, म्हणून या मोनिका राणू. वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे. त्यांचं एकच — डोळे मिटायच्या आत आपलं गाव कुठलं ते कळावं.

फोटोखाली मी लिहिलं, "ताई, तुम्ही आमच्याच!" पाच मिनिटांत त्यांचा व्हॉइस मेसेज आला. अर्ध्या वेळ नुसतं रडणं. शेवटी अगदी पुस्तकातल्यासारखं मराठी — "दादा, आपले उपकार मी कसे फेडू?"

आमची आजी साखरेला मोरस म्हणायची. त्या साखरेचा ऊस तोडायला आमचाच माणूस गेला होता, आणि आम्हाला पत्ता नाही! परतीच्या रस्त्याला गाडी चालवत होतो की उडवत होतो, कळलं नाही.

४ ऑगस्ट

ताईंनी तिकीट काढलं. दहा सप्टेंबर.

१० ऑगस्ट, रविवार

खाली दादाकडे जेवायला होतो. जयदीपदादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा, जमिनीचं सगळं तोच बघतो. मी मोठ्या हौसेने बाडाचा फोटो दाखवला. त्याने चष्मा लावून बघितला आणि ताट बाजूला सारलं.

"रणज्या, कुणाला इचारून बोलावलं हिला?"

"ती फक्त गाव बघायला येतेय, दादा."

"सगळी आधी गाव बघायलाच येत्यात! ओढ्याकडच्या जमिनीचं बिल्डरशी ठरत आलंय. गणपती झाले की पेपरात जाहीर नोटीस — कुणाचा वारसा, हक्क असंल तर कळवा. आन् तू हितं परदेशातनं वारस आयात करतोय! राणूचा निम्मा हिस्सा मागितला तर?"

मी म्हणालो, दीडशे वर्षं झाली. तो म्हणाला, कायदा काय म्हणतो ते राहू दे, बिल्डर नुसता वाद ऐकून पळतो.

वहिनी भाकरी वाढायची थांबली. मी ताटातली भाकरी मोडत राहिलो.

१२ ऑगस्ट

दादाने तोड काढली. बाई येऊ दे. पण गाव दुसरं दाखव.

मी हो म्हणालो.

इथे तरी खरं लिहितो. दादाने जबरदस्ती केली असं काही नाही. त्या जमिनीवरच्या इमारतीत ओजससाठी एक फ्लॅट धरलाय. पोरगा अजून बारावीत. त्याच्या खोलीला गॅलरी कुठल्या बाजूला, हे तनुजा आणि मी कागदावर काढून झालंय. हो म्हणायला मला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

पत्र पाठवलं. तीनदा खोडलं. "ताई, क्षमस्व. घाईत माझी चूक झाली. खंडू, मारुती ही नावं तेव्हा घरोघरी असत. नीट तपासल्यावर कळलं की तुमचे राणू आमच्यातले नव्हेत. तुमचं घर चाकणच्या पुढच्या एका गावात आहे. मी स्वतः तुम्हाला घेऊन जाईन."

कंपनीत पार्ट मापात नसला तर मी त्याला लाल टॅग लावतो, पुढे जाऊ देत नाही. सतरा वर्षं तेच काम करतोय. आणि हे असलं पत्र माझ्या हातून बिनबोभाट पास झालं!

उत्तर आलं. "आपणांस अधिक माहिती आहे, दादा. आपण म्हणाल तसे."

फेसबुकवरची वंशावळ काढून टाकली.

तनुजाने पत्र वाचलं. "मी त्या बाईंसमोर येणार नाही. मला त्यांच्या तोंडाकडे बघवणार नाही," म्हणाली. आणि कुकर लावायला गेली.

२८ ऑगस्ट

काल गणपती बसले. ताईंनी त्यांच्या घरच्या गणपतीचा व्हिडिओ पाठवला. समुद्राजवळचं घर, पत्र्याचं छप्पर, तीसेक माणसं आरती म्हणतायत. शब्द न शब्द स्पष्ट. आमच्याकडे निम्मे जण टाळ्यांवर वेळ मारून नेतात. पुढे खुर्चीत वडील. कान थेट आमच्या आप्पांचे, माझ्या वडिलांचे! बाहेर वळलेले, मोठे. मी व्हिडिओ बंद केला.

गावाचं जमवलंय. कंपनीत आमच्या लाइनवरचा नवनाथ तिकडचा. त्याचे चुलते आबाजी, जुनं घर, मोठं अंगण. नवनाथला सांगितलं, एक परदेशी पाहुणी आहे, तिला खेड्यातलं घर बघायचंय. त्याला एवढंच माहीत. "आणा की राव, आबाला माणसं लई आवडत्यात."

११ सप्टेंबर, गुरुवार

झालं.

हॉटेल मी मुद्दाम चाकणला घेतलं होतं, रहाटणीकडे पाय वळायला नकोत म्हणून. ताई दारातच उभ्या होत्या. पन्नाशीच्या, बुटक्या, केस कापलेले, सुती पंजाबी ड्रेस. मी दिसताच वाकल्या! मी मागे सरलो तर म्हणाल्या, "तुम्ही मला मार्ग दाखविलात." हातात कापडी पिशवी, तिच्यात वडिलांचा फोटो. "त्यांनाही आणले आहे."

तळेगाव चौकात पाऊण तास अडकलो. कंटेनर, डंपर, शिफ्टच्या बसगाड्या. ताई सगळं डोळे भरून बघत होत्या, जणू ते कंटेनरही त्यांच्याच घरचे. "दादा, आपल्या घरी कोण कोण असते?" मी सांगितलं — आई, बायको, मुलगा, खाली भाऊ. "आपले घर दूर आहे काय?" मी म्हणालो, ट्रॅफिक फार असतं.

आबाजी ऐंशीचे असतील. टोपी, बंडी, हातात म्हशीचं दावं. ताईंनी अंगणात चपला काढल्या. "हेच माझ्या पूर्वजांचे घर काय?" त्यांनी मला विचारलं. आबाजी माझ्याकडे बघायला लागले. मी घाईने म्हणालो, "जुनं घर पडलं. पण जागा हीच."

ताई तिथेच गुडघ्यांवर बसल्या आणि दोन्ही तळवे जमिनीला टेकवले. त्यांना भूमी म्हणून दाखवायला मी एका अनोळखी म्हाताऱ्याचं शेणाने सारवलेलं अंगण निवडलं होतं. तेवढ्यात दादाचा फोन — "झालं का? काय बोलली? हिश्श्याचं काढलं का?" मी फाटकाबाहेर गेलो. दहा मिनिटं त्यालाच समजावत बसलो.

परत आलो तर आबाजी तुळशीजवळ खुरप्याने माती उकरत होते. लोणच्याची धुतलेली बरणी भरली आणि ताईंच्या हातात दिली. दोघांचे डोळे ओले. मग म्हणाले, "पितरांचा पंधरवडा हाय. पाहुणं दारात आलंय, जेवल्याबिगर जायाचं न्हाई." वांग्याची भाजी, बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. आबाजी ताईंच्या पानात स्वतः वाढत होते. माझ्याकडे मात्र एकदाही बघितलं नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याला कमी दिसत असेल.

परतताना ताई गप्प होत्या. बरणी मांडीवर. थकल्या असतील.

हॉटेलच्या दारात म्हणाल्या, "आपल्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगा."

१२ सप्टेंबर

डबा तसाच परत आणला. नमस्कार सांगितला नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

दादाबरोबर वकिलाकडे. नोटीस लागली आहे, कोणाचीही हरकत नाही. मला राहवलं नाही. अमुक पिढीतला एक भाऊ परदेशी गेला असेल आणि आज त्याचं कोणी आलं तर — असं उगीच गंमत म्हणून विचारतोय असं दाखवून विचारलं.

वकील हसायलाच लागला. "अहो, दीडशे वर्षांपूर्वीचा? कसला हक्क न् कसलं काय! चहा घ्या."

म्हणजे गरजच नव्हती! काहीही होणार नव्हतं. ताई घरी आल्या असत्या, आईच्या हातचं जेवल्या असत्या, ओढ्यावर जाऊन हवी तेवढी माती घेऊन गेल्या असत्या.

जिन्यात दादा म्हणाला, "बरं झालं ना मग. मिटलं." आणि मी त्याला "हो" म्हणालो! काय माणूस आहे मी.

२१ सप्टेंबर, रविवार — सर्वपित्री

आज आईने तोंडावर मारलं. हात न उगारता.

दरवर्षीप्रमाणे पानं वाढत होती. आप्पांचं, आजोबांचं, आजीचं. शेवटी एक जास्तीचं, त्यावर साखर. लहानपणापासून बघत आलोय. ते 'दूर गेलेल्या बाबाचं' म्हणायचे, आणि कोण बाबा ते मी कधी विचारलं नव्हतं. वंशावळीचा एवढा शौक मला, नाशिकपर्यंत गेलो, आणि स्वतःच्या गच्चीवरचं पान दिसलं नाही.

आईने पान उचललं आणि माझ्यापुढे धरलं. "तनुजानं सांगितलं मला समदं. ह्यो त्योच न्हव का, मोरसचा?"

मी मान खाली घातली.

"माज्या सासूनं वाढलं, तिच्या सासूनं वाढलं. म्येलेल्याला दरसाल जेवाय घालताय, आन् त्याची जित्ती लेक आली तर तिला पत्ता चुकिवता व्हय रं?"

दादा वर आला होता. तो म्हणाला, "आई, तुला यातलं कळत न्हाई." आई म्हणाली, "व्हय. मला न्हाईच कळत." आणि पान घेऊन गच्चीवर गेली. पाय दुखतात तिचे, तरी माझा हात धरला नाही.

२६ सप्टेंबर

ताईंचा मेसेज. "बाबांनी माती कपाळाला लावली. त्या भल्या माणसाला माझा आशीर्वाद सांग, असे म्हणाले."

भला माणूस म्हणजे मीच, दुसरं कोण? फोन उलटा करून ठेवला.

२ ऑक्टोबर, दसरा

सोनं द्यायला माणसं येत होती, गळ्यात पडत होती. मी आत जाऊन पत्र लिहिलं. सगळं. बाड खरं, रहाटणी खरी, राणू आमचाच. जमीन, दादा, फ्लॅट, नवनाथ. आबाजी तुमचे कोणी नव्हेत. जुनं घर पडलं वगैरे मी तिथल्या तिथे रचलं. आईच्या पानाचंही लिहिलं. माफी मागितली नाही, मागायला तोंड नाही असं लिहिलं, मग तेही खोडलं. ते नाटकी वाटलं.

दादाला न सांगता पाठवलं. तनुजाला दाखवलं. तिने वाचलं आणि आपट्याची पानं माझ्या हातात ठेवली.

५ ऑक्टोबर, रविवार

उत्तर आलं.

"दादा, मला त्याच दिवशी समजले होते. आपण फाटकाबाहेर फोनवर होतात, तेव्हा आबाजी म्हणाले, 'बाई, खोटं बोलवंना. तू आमच्यातली न्हाईस. आमच्यातनं कुणीच समुद्रापल्याड गेलं न्हाई. पर जेवून जा.' माती त्यांनी पाहुणीला दिली, मी ती तशीच घेतली. बाबांनाही तसेच सांगितले, त्यांनी आशीर्वाद आबाजींना दिला आहे. आपले गाव रहाटणी, हेही आता त्यांना सांगितले. त्यांनी विचारले, आपल्या घरचे कोण भेटले? मी म्हणाले, अजून कोणी नाही."

त्या दिवसाचं एक इथे लिहिलं नव्हतं. परतताना ताई गप्प नव्हत्या. बरणी मांडीवर धरून त्यांनी मला तीनदा विचारलं होतं, "दादा, आपणांस मला काही सांगायचे आहे काय?"

तिन्ही वेळा मी म्हणालो, "एसी वाढवू का?"