लव्हेंडर आणि गावची माती

४ मे, रविवार
ठरलं. लव्हेंडर. बियांपासून, घरच्या घरी. अख्ख्या घाटकोपरात कुणी लावलेलं नाही, म्हणजे कॉम्पिटिशन शून्य. साकीनाक्याची कंपनी बंद पडल्यापासून लोक मला रिकामा समजतात. मी रिकामा नाही, विचार करत होतो. आता विचार झाला. बियांचं पाकीट ऑनलाइन मागवलं.
जानकीला सांगितलं. बायको म्हणून दोन शब्द कौतुकाचे अपेक्षित होते. म्हणाली, आधी नंदूला फोन करा. नंदू तिचा चुलतभाऊ, गोरेगावच्या एका स्टुडिओत स्टोअर सांभाळतो. तिथे एक जागा आहे म्हणे, शूटिंगचं सामान द्यायचं आणि परत घ्यायचं. मी सुपरवायझर होतो. सुपरवायझरने उशा-अभ्रे सांभाळायचे का?

७ मे
पाकीट आलं. त्यावर लिहिलंय, ओल्या टिश्यूत गुंडाळून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवा. बियांना वाटलं पाहिजे की हिवाळा होऊन गेला. झकास. फ्रिजमध्ये जागा फक्त बांगड्यांच्या डब्याशेजारी. जानकी म्हणाली, उद्या फुलांना बांगड्याचा वास आला तर माझ्यावर ओरडू नका.

११ मे, दुपार
सकाळपासून कितीदा तरी उघडून पाहिलं. काही हालचाल नाही. महिनाभर म्हणजे त्यांच्याकडचे फ्रिज ढिले असणार. आमच्यात पाण्याची बाटली तडकते. हिवाळा पुरे. बाहेर काढल्या.

१२ मे
माती. पाकीट म्हणतं, हलकी, वाळूमिश्रित. श्रुतिका म्हणाली, पप्पा, नर्सरीत रेडीमेड मिक्स मिळतं ना, ते आणा. कॉलेजला गेलं की पोरांना सगळं रेडीमेडच सुचतं. तिला म्हटलं, गावची लाल माती असताना विकतची कशाला? ज्या मातीत हापूस होतो, तिथे लव्हेंडर काय चीज आहे! कुडाळला भावाला फोन केला. तो खूप वेळ हसला, पण आंब्याच्या पेट्यांबरोबर ट्रॅव्हल्सच्या डिकीतून गोणी पाठवतो म्हणाला.

१८ मे, रविवार
पेरणी झाली. खिडकीच्या ग्रिलमध्ये श्रीखंडाचे रिकामे डबे, तळाला भोकं. नारळ ठेवून रीतसर गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, ह्या लव्हेंडराक कोणाची नजर लागली आसात, वाकडा वंगाळ काय आसात, तर ता दूर कर रे म्हाराजा! श्रुतिकाने कानातले इअरफोन न काढताच व्हय म्हाराजा म्हटलं. चालतं.
जानकी रात्रीच्या गाडीने माहेरी गेली. तिच्या आईचा गुडघा. ती शिकवते त्या बालवाडीला सुट्टीच आहे. निघताना पुन्हा तेच, नंदूला फोन करा.

२३ मे, सकाळ
काही उगवत नाही. काडीने थोडंसं उकरलं. बी होतं तिथेच. परत पुरलं.

२३ मे, संध्याकाळ
परत उकरलं. आता बी सापडतच नाही. वाढीला लागलं असणार.

२ जून
उगवलं! सगळ्या डब्यांत! पानं जोडीजोडीने, गोलसर. पाकिटावरच्या फोटोत बारीक, लांबट आहेत, पण लहानपणी सगळेच गुटगुटीत असतात. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. खाली ‘शिवदास लव्हेंडर्स’. नाव तयारच होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या गंधालीताईंनी लगेच दोन रोपं बुक केली. त्या नागपूरच्या, पण पारख आहे.

५ जून
शोध लागला. दिवेलागणीला पानं मिटली. सगळी, एकदम! झोपेसाठी लव्हेंडर देतात हे जगजाहीर आहे, पण ते स्वतःही झोपतं, हे एकाही व्हिडिओत सांगितलेलं नाही. मला सध्या झोप लागत नाही, पण ते उकाड्यामुळे.

१० जून
पान चुरडून वास घेतला. उग्र. श्रुतिका नाक दाबून म्हणाली, ई, पप्पा! तिला समजावलं, परदेशी अत्तरं आधी उग्रच वाटतात. मग गॅलरीत गेलो, आत आलो, परत गॅलरीत. हा बिझनेस सुरू करायचा म्हणजे फेऱ्या होणारच.

१४ जून
नंदूचा फोन. म्हणाला, भावोजी, शेवटचं विचारतोय, सोमवारी मला माणूस उभा करायचाय. म्हटलं, नंदू, तुझ्या स्टुडिओला ताजी फुलं लागली तर कळव. ‘बरं’ म्हणून त्याने फोन ठेवला. वाईट वाटलं बिचाऱ्याचं.
इथे कोण वाचतंय, म्हणून लिहितो. सकाळी दारं लागतात, लिफ्ट खाली जाते, बिल्डिंग कामाला जाते आणि मी घरात उरतो. ते मला सहन होत नाही. लव्हेंडर यायलाच हवं. म्हणजे, आलंच आहे.

२१ जून, शनिवार
उद्या सोसायटीची मंडळी रोपं बघायला येणार, म्हणून केस कापायला गेलो. तेवढ्यात जानकी गावाहून आली. मी परतलो तर पानं मांडलेली. भाजी काय झाली होती! पावसाळ्यातली रानभाजी, कोवळा टाकळा, त्यात ओलं खोबरं, फणसाच्या आठळ्या. दोनदा मागून घेतली. म्हटलं, गावाहून आणलीस ना? विकतच्या टाकळ्याला ही चव नाही.
ती खुशीत होती. खुशीत असली की मालवणीवर येते. म्हणाली, गावाहून कित्याक? इतको टाकळो खिडकीत पेरून ठेवलात, माका आधी सांगूक नाय?

२१ जून, थोड्या वेळाने
खिडकीत जाऊन आलो. डब्यांत देठं आहेत.
जानकीला कळलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून बसली. मग म्हणाली, गावची माती म्हटल्यावर तिच्यात टाकळ्याचं बी असणारच हो. पण तुम्ही गावी जाता ते गणपतीत, आणि टाकळा बघितलाय फक्त ताटात.
ग्रुपवर टाकलं, कीड पडली. गंधालीताईंनी रडका चेहरा पाठवला.

२३ जून, सोमवार
आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून नंदूला फोन केला. म्हटलं, तुझ्या आग्रहाखातर येतो. कधीपासून येऊ?
तो म्हणाला, भावोजी, एक पोरगा लागला मागच्या सोमवारी. तुम्हाला किती वेळा विचारलं मी.
म्हटलं, छे छे, मी सहजच विचारलं. फोन ठेवला. डोळ्यांत पाणी आलं. कांदा म्हणावं, तर घरात कुणी कांदा चिरत नव्हतं.
जानकी चहा घेऊन आली. तिला सांगितलं, नंदूचं मी अजून काही पक्कं केलेलं नाही, बघू, दोन दिवस विचार करतो.
ती शेजारी बसली. म्हणाली, नंदूने मला गावी असतानाच सांगितलं. चहा घ्या, निवतोय.
घेतला.